तीन किलो ज्वारी

खताच्या दुकानात फुकट मिळालेली डायरी,
तिच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडलाय.
बाळुती चोवीस. दुपटी चार. टोपडी दोन.
सोजरमावशी म्हणाल्या, दिवसाला बारा बाळुती धर.
जालन्यात आमच्या गल्लीला नळ दहाव्या दिवशी,
घरात ड्रम दोन.
तेव्हापासून मी कापड मोजायचं सोडलं,
पाणी मोजायला लागले.
अंघोळीचं पाणी पहिल्या खळबळीला,
तांदूळ धुतलेलं तुळशीला,
आणि तहान लागली तरी आधी ड्रमात डोकावून बघायचं.

माझ्या नवऱ्याचं नाव परमेश्वर.
रोलिंग मिलमध्ये भंगार तोडतो.
"परमेश्वराच्या मनात असेल तसं होईल," म्हणतात बाया.
त्याच्या मनातलं मला काय ठाऊक,
डब्यात मात्र वीस तारखेनंतर
ठेचाच असतो.

पहिलं झबलं नवं नसावं, असा शकुन आहे.
कुणाच्या धडधाकट लेकराचं जुनं मागून आणावं.
हा शकुन ज्या बाईनं काढला
तिच्या कनवटीला माझ्याइतकेच पैसे असणार.
मागताना मान खाली जाऊ नये
म्हणून तिनं देवाला पुढं केलं.
मी तिला मनातल्या मनात हात जोडले
आणि शहनाजभाभींचं दार वाजवलं.

झबलं काखेत उसवलेलं, छातीवर बदक,
बदकाचा एक डोळा गळालेला.
मी काळ्या दोऱ्यानं नवा घातला, जरा मोठाच झाला.
आता ते बदक
सगळ्या घराकडं आश्चर्यानं बघतं.

चुकले ते पिशव्यांत.
हरभऱ्याच्या बियाण्याच्या, जाड, पांढऱ्या, कापडी.
तीन पाण्यांतून काढल्या, सहा बाळुती शिवली,
एकावर नेमकं बुडाशी आलं होतं:
उगवणशक्ती पंच्याऐंशी टक्के.
एकटीच हसत बसले.
संध्याकाळी परमेश्वरानं उरलेली पिशवी उलटी करून वाचली,
"औषध लावलेले बियाणे. खाण्यास वापरू नये."
काही बोलला नाही. सहाही घड्या उचलून
मोटारसायकलच्या डिकीत ठेवल्या, गाडी पुसायला.
मी रडले.
बाळुत्यांसाठी नाही,
तीन बादल्यांसाठी.

गेल्या मे महिन्यात कूलरची मोटार जळाली होती.
पत्रा भंगारात गेला, अँगलचा सांगाडा राहिला
गच्चीवर, कबुतरांना बसायला.
पाळी सुटल्यावर त्यानं तो घासला,
वर आडवी पट्टी, पट्टीला दोन कड्या,
कोपऱ्यांना सायकलची ट्यूब गुंडाळली.
वेल्डिंगच्या ठिणगीनं मनगटावर एक फोड,
त्याची डायरीत नोंद नाही.
सासूबाईंच्या इरकलीची झोळी बांधली,
काठ आतल्या अंगाला घेतला, मग म्हटलं टोचेल,
सोडली, पुन्हा बांधली.

हलवून बघणार तेवढ्यात दारातून सोजरमावशी ओरडल्या,
"काय करायलीस गं?
रिकामा पाळणा हलवू नाही!"
आम्ही दोघं हात मागं घेऊन उभे,
चोरी पकडल्यासारखे.
"लेकरू किती किलोचं असतं?" त्यानं विचारलं.
"तीन धर."

मग उशीच्या अभ्र्यात तीन किलो ज्वारी भरली,
डब्यात होती तेवढीच निघाली.
गाठ मारली. निजवली.
डावी कडी कुरकुरली, तिला खोबऱ्याचं थेंबभर तेल.
जोड टिकतो का बघू, म्हणून रात्रभर तशीच ठेवली.

मला झोप लागेना. दोनदा उठले.
अंधारात चाचपडून बघितलं
ज्वारी कलंडली तर नाही ना.
दुसऱ्यांदा गेले तर तिथं परमेश्वर उभा.
म्हणाला, पाणी प्यायला उठलो.
माठ तर पलीकडच्या कोपऱ्यात.

सकाळी ती गिरणीत द्यायची होती.
मी गाठ सोडायला घेतली तर म्हणाला,
"आज राहू दे. दुसरी दे."
दुसरी घरात नव्हती,
हे त्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी आम्ही भात केला.